सागवानी टेबलावरचे ओरखडे: घरच्या घरी दुरुस्ती आणि पॉलिश

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जुन्या घरांत एखादं तरी सागवानी टेबल असतंच. कुठे ते बैठकीत मानानं असतं, कुठे मुलांच्या अभ्यासाला, तर कुठे सपरीत बियाण्याच्या पिशव्या आणि फवारणीच्या पंपाखाली दबलेलं. वरचं पॉलिश पांढुरकं पडलेलं, चहाच्या कपांची वर्तुळं, कंपासच्या टोकानं कोरलेली नावं, गरम गंज (पातेलं) ठेवल्याचा डाग. असं टेबल दिसलं की लोक म्हणतात, आता हे कामातून गेलं, आणि त्यावर सनमायका तरी चिकटवतात नाही तर ऑइलपेंट मारतात. मला याचं फार वाईट वाटतं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते याच भागातून, बल्लारपूरहून. त्याच जातीचं, त्याच मातीतलं लाकूड आपल्या घरात आहे, आणि तसं जुनं, पक्क्या गाभ्याचं लाकूड आज विकत घ्यायचं म्हटलं तर सहज मिळत नाही.

हे काम नवखा माणूस घरी करू शकतो. मात्र ओरखडा दिसला की हात थेट काचपेपरकडे जातो, तो आवरायचा. घासून गेलेलं लाकूड परत येत नाही. आधी ओरखडा किती खोल आहे, खाली लाकूड कोणतं आहे आणि वर पॉलिश कोणतं आहे, या तीन गोष्टी पाहायच्या. बऱ्याच टेबलांना एवढं पाहिल्यावर घासायची वेळच येत नाही.

आधी ओळख पटवा

टेबल पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसून घ्या. ओलेपणी ओरखडा दिसेनासा झाला आणि वाळल्यावर पुन्हा दिसू लागला, तर तो फक्त पॉलिशच्या थरात आहे. ओला असतानाही दिसतो आणि बोटाचं नख आडवं फिरवलं की अडकतं, तर तो लाकडात उतरलेला आहे. ओरखड्याच्या आतला रंग बाजूच्या रंगापेक्षा फिकट असेल तर लाकडाचे धागे तुटले आहेत हे नक्की.

मग टेबलाची कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली वळून टोकाला गोल-गोल कड्यांसारख्या दिसत असतील तर फळी अखंड लाकडाची. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली आणि आत प्लायचे थर दिसले तर वर विनिअर, म्हणजे चिकटवलेला पातळ लाकडी पापुद्रा, आहे. विनिअर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, कधी त्याहूनही पातळ असतं; दोन हात जोरात घासलं की खालचं प्लाय उघडं पडतं आणि मग त्याला इलाज नाही. आणि सनमायका असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, कारण तो छापलेला थर आहे, तो घासून नवा होत नाही.

आता पॉलिश. टेबलाच्या खालच्या अंगाला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे कापसाच्या बोळ्यानं पॉलिशचं स्पिरिट लावा आणि मिनिटभर थांबा. चिकट झालं, बोळ्याला तांबूस रंग आला, तर ते लाखेचं फ्रेंच पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही पण एनसी थिनरनं (लॅकर पातळ करायचा द्राव) मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तसलं एखादं पक्कं व्हार्निश. जुन्या घरांतल्या टेबलांवर बहुतेक लाखेचंच पॉलिश निघतं, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. का ते पुढे येईलच.

टेबलावर जुना ऑइलपेंट असेल तर एक काळजी घ्या. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर असू नये हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपर घेऊन पाणी लावत घासा, लहान मुलांना लांब ठेवा, निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाका. अंगणात झाडू नका.

पाय हलतात का, सांधे सुटलेत का, तेही आत्ताच बघा. हलणाऱ्या टेबलाला आधी फेविकॉल आणि शिकंजा (सांधा आवळून धरायची पकड), पॉलिश नंतर. कुठे बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखी भुकटी दिसली तर लाकडाला भुंगा लागला आहे. सागाच्या तांबूस गाभ्याला तो सहसा लागत नाही, पण कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागतो. त्यावर किडीचं औषध पिचकारीनं सोडून ते पूर्ण वाळू द्या, मगच पुढे जा.

कोणत्या दिवसांत करायचं

याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि आपल्याकडे निम्मं काम बिघडतं ते इथेच. पावसाळ्यात करू नका. हवेत ओल असली की लाखेच्या पॉलिशवर दुधी झाक येते आणि ती वाळल्यावरही जात नाही. मे महिन्यात उलटा त्रास. पारा ४५ अंशांवर गेला की स्पिरिट हातातल्या हातात उडून जातं, ब्रशचा फटकारा पसरायच्या आधीच वाळतो आणि पट्टे उमटतात. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे करा, टिनाच्या छपराखाली तर दुपारी मुळीच नको.

सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. सकाळचा गारठा जाऊ द्या, दहाच्या सुमारास सुरू करा आणि ऊन उतरायच्या आत शेवटचा हात संपवा. पण याच दिवसांत घरात वेचलेला कापूस भरलेला असतो. त्या खोलीत पॉलिश करू नका. कापसाचे तंतू हवेत तरंगत राहतात आणि ओल्या व्हार्निशवर बसले की केस चिकटल्यासारखे दिसतात. दुसरं कारण त्याहून मोठं आहे, आगीचं. स्पिरिट, थिनर आणि कापूस एका छताखाली नकोत. काम सपरीत किंवा गोठ्याशेजारच्या मोकळ्या, झाकलेल्या जागेत करा आणि तासभर आधी जमिनीवर पाणी शिंपडा, म्हणजे धूळ बसते. चूल, बिडी, देवाचा दिवा, काही जवळ नको.

ऋतूवरूनच आणखी एक. उन्हाळ्यात फळ्यांच्या सांध्यांत फटी पडतात. त्या बघून लोक कडक लांबी (पुट्टी) भरून टाकतात. पावसाळ्यात लाकूड फुगलं की तीच लांबी ढलप्या होऊन बाहेर येते, नाही तर फळीलाच रेटते. ओरखडे भरा, खड्डे भरा. फळ्यांमधली फट मात्र मोकळी राहू द्या. लाकडाला ती जागा लागते.

सामान

तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं. पॉलिश पेपर, म्हणजेच काचपेपर, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचे (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), हाताच्या मुठीत बसेल असा लाकडी ठोकळा, चपडी लाख (लाखेचे पातळ सुके पापुद्रे), स्पिरिट, धुतलेलं जुनं मलमल किंवा धोतराचं कापड, थोडा कापूस, दोन इंची चांगला ब्रश, तोंडाला बांधायला मास्क. सागाची धूळ नाकाला आणि कातडीला चुरचुरते, काहींना पुरळ उठतं, म्हणून मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालाच. वीज जायची-यायची असते म्हणून इथे सगळं हातानं करायचं सांगितलं आहे. टेबलासाठी मशीन लागतही नाही.

न घासता होणारे उपाय

टेबल आधी कोमट पाणी आणि चिमूटभर साबणानं पुसा, लगेच कोरडं करा. वर्षानुवर्षांचा तेलकट हात, धूर, मेणबत्तीचं मेण एवढंच निघालं तरी टेबल निम्मं उजळतं.

पांढरं वर्तुळ म्हणजे पॉलिशच्या थरात शिरलेली वाफ. लाकडाला काही झालेलं नसतं. चुलीतली राख कपड्यातून गाळून घ्या, पिठासारखी मऊ झाली पाहिजे, एकही खडा नको. ती जवसाच्या तेलात कालवून बोटानं, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, हलक्या हातानं चोळा. डाग जाईपर्यंत अधूनमधून पुसून बघत राहा. ही जुनी रीत आहे आणि बहुतेक वेळा पुरते. काळा डाग मात्र खोल असतो. ओलं लोखंडी भांडं किंवा खिळा सागावर राहिला की लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो रंग धरतात. तो राखेनं जात नाही. पॉलिश काढल्यावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी लावून काढतात. ते विषारी आहे. रबरी हातमोजे घालून लावायचं, काम झाल्यावर दोन-तीनदा साध्या पाण्यानं पुसायचं आणि उरलेलं मुलांच्या हाती लागणार नाही असं फेकायचं. डाग लहान असेल तर मी तो तसाच ठेवते. जुन्या टेबलावर एखादा काळा डाग शोभतो.

वरवरचे ओरखडे आणि लाखेचं पॉलिश असेल तर काम अगदी सोपं. लाखेवर ताजी पातळ लाख (ती कशी करायची ते पुढे ‘पॉलिश कोणतं’मध्ये आहे) लावली की जुना थर मऊ होऊन नव्यात मिसळतो. दोन्ही एक होतात आणि ओरखडा त्यातच भरून निघतो. ३२० नंबरच्या कागदाचा एक हलका हात, धूळ पुसून वर पॉलिशचे दोन-तीन हात, झालं. पीयू किंवा मेलामाइन असं एक होत नाही. तिथे नवा थर जुन्यावर नुसता बसतो, म्हणून आधी सगळा पृष्ठभाग बारीक कागदानं खरखरीत करावा लागतो.

दबलेला खड्डा आणि तुटलेला ओरखडा

या दोन्हींत फरक आहे. काही जड पडून लाकूड दबलं असेल तर धागे शाबूत असतात, नुसते चेपलेले असतात. त्यांना वाफ दिली की ते वर येतात. त्या जागेचं पॉलिश आधी काढून टाका, नाही तर वाफ आत जात नाही आणि पॉलिश मात्र पांढरं पडतं. सुती कापड ओलं करून चार घड्या घाला, खड्ड्यावर ठेवा आणि वरून गरम इस्त्रीचं टोक आठ-दहा सेकंद दाबा. कोळशाची इस्त्रीही चालते. चर्र आवाज होऊन वाफ आत जाते. कापड उचला, बोट फिरवून बघा, पुन्हा ओलं करून पुन्हा दाबा. तीन-चार वेळा केलं की खड्डा डोळ्यांदेखत वर येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला विश्वास बसत नाही. मग एक पूर्ण दिवस वाळू द्या. विनिअरवर हे करू नका, वाफेनं खालचा सरस सुटतो.

धागे तुटलेला ओरखडा वाफेनं येत नाही. तो घासून तरी काढायचा, नाही तर भरायचा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर भरा. एका ओरखड्यासाठी आख्खी फळी तेवढी खाली नेणं म्हणजे लाकडाची नासाडी.

घासणं

आधी जुनं पॉलिश काढा. लाखेचं असेल तर घासत बसू नका, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडानं हात-हातभर जागा ओली करत पुसत जा, ते विरघळून कापडावर येतं. इतर पॉलिशला सुताराकडची रीत घ्या: जुन्या करवतीच्या पात्याचा सरळ तुकडा दोन्ही हातांत धरून, जरासा वाकवून, आपल्याकडे ओढत खरवडायचं. कागदापेक्षा हे लवकर होतं आणि धूळ उडत नाही, पातळ कुरळे पापुद्रे निघतात.

मग १२० नंबरचा कागद ठोकळ्याला गुंडाळून घासायला घ्या. ठोकळ्याशिवाय नको. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांखाली खळगे पडतात, ते पॉलिश झाल्यावरच दिसतात. घासायचं नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आडवं कधीच नाही. आडवी एक खरचट काढायला उभे पन्नास हात लागतात. टेबलाला कडेची चौकट असेल तर सांध्यापाशी रेषा काटकोनात वळते. तिथे जाड चिकटपट्टी लावून एक बाजू झाका, दुसरी घासा, मग उलट.

सुरू करण्याआधी सगळ्या फळीवर पेन्सिलनं हलक्या तिरप्या रेषा मारून घ्या. रेषा सगळीकडून पुसल्या गेल्या की त्या नंबरचं काम झालं. पुन्हा रेषा मारा, १८० घ्या, तसंच २२०. मधला नंबर गाळू नका. १२० नंतर थेट २२० घेतलं तर १२० चे चरे आतच राहतात आणि पॉलिश त्यांना आणखी उठवतं. प्रत्येक वेळी धूळ पुसा आणि टॉर्च फळीच्या अगदी लगत, आडवी धरून बघा. वरून पडणाऱ्या उजेडात जे सपाट दिसतं त्याच्या सगळ्या खोडी आडव्या उजेडात दिसतात. कडा आणि कोपरे मात्र हलक्या हातानं, जुन्या टेबलाची गोलाई जपून.

निघालेला १८० चा बारीक भुसा फेकू नका, वाटीत जमवा.

भरणं

१८० झाल्यावर आणि २२० च्या आधी भरायचं. अरुंद ओरखड्यांना तोच जमवलेला भुसा घट्ट लाखेच्या पॉलिशमध्ये कालवून पटाशीच्या टोकानं दाबून बसवा, जरा वर उचललेलं ठेवा, वाळलं की सपाट घासा. बरेच जण भुसा फेविकॉलमध्ये कालवतात. मी तसं करत नाही, कारण फेविकॉल आजूबाजूच्या रेषांत शिरतो आणि तिथे पॉलिश धरत नाही, फिकट डाग राहतो.

कोपऱ्याचा टवका निघाला असेल किंवा बोट बसेल एवढा खड्डा असेल तर दोन भागांचं इपॉक्सी घ्या, त्यात भुसा मिसळा. आणि मधल्या आकाराच्या खड्ड्यांना लाखेसारखं दुसरं काही नाही. चपडीचे तुकडे चमच्यात घेऊन मंद आचेवर मऊ करा, बोटात वळता येईल अशी कांडी करून थंड होऊ द्या. मग जुन्या सुरीचं पातं तापवा आणि कांडीला टेकवा. मधासारखा थेंब सुटतो, तो खड्ड्यात पडू द्या. सुरीच्या कोमट पाठीनं दाबून सारखा करा. मिनिटाभरात तो कडक होतो. जुन्या तांबूस सागात हा रंग इतका मिसळून जातो की मागाहून जागा शोधावी लागते. हे करताना स्पिरिटची बाटली दुसऱ्या खोलीत असली पाहिजे.

शेवटी ओल्या फडक्यानं फळी एकदा पुसा. वाळल्यावर बारीक लव उभी राहते, ती झिजलेल्या २२० च्या कागदानं काढा. साग तेलकट लाकूड आहे, म्हणून पॉलिशच्या अगदी आधी स्पिरिटच्या फडक्यानं एक हात पुसून घ्या.

पॉलिश कोणतं

जेवणाचं किंवा चहाचं टेबल असेल तर पीयू व्हार्निश लावा. गरम भांडं, पाणी, साबण यांना लाख टिकत नाही. अभ्यासाचं टेबल, बैठकीतलं शोभेचं टेबल, चौरंग यांना लाखेचंच लावा. त्याची झळाळी खोल असते, आणि पुढे ओरखडा पडला तरी घरच्या घरी दोन हातांत दुरुस्त होतं. ही लाख आपल्याच मुलखातली. भंडारा-गोंदियाकडे पळस आणि कुसुमाच्या झाडांवर लाखेचे किडे वाढवतात, त्यांच्या राळेचीच चपडी होते.

लाखेसाठी एक लिटर स्पिरिटला साधारण १५० ग्रॅम चपडी काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा, अधूनमधून हलवा, मलमलमधून गाळा. लोखंडी डबा नको, लाख काळी पडते. कापसाचा गोळा मलमलमध्ये बांधून पुडी करा, पॉलिश कापसाला पाजा आणि तळहातावर दाबून बघा: ओलावा जाणवला पाहिजे, ठिबकलं नाही पाहिजे. पहिले दोन हात रेषेच्या दिशेनं सरळ. नंतर लहान गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, पुन्हा सरळ. पुडी टेबलावर थांबू देऊ नका; विमान उतरतं आणि उडतं तशी चालत्या हातानं टेकवा आणि चालत्या हातानं उचला. थांबली की खालचा थर ओढून घेते. पुडी अडखळायला लागली तर तळाला जवसाच्या तेलाचा एकच थेंब. पाच-सहा हातांनंतर रात्रभर थांबा, ३२० नं हलकं पुसा, पुन्हा तितकेच हात द्या. कालवलेलं पॉलिश सहा महिन्यांपेक्षा जुनं झालं की नीट वाळत नाही, म्हणून लागेल तेवढंच करा.

पीयू लावायचं तर खाली साध्या चपडीचा हात देऊ नका, चपडीत मेण असतं आणि पीयू त्यावर धरत नाही. पहिला हात डब्यावर सांगितलेल्या थिनरनंच पातळ करून द्या. ब्रश अर्धाच बुडवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढा, ओढून झालेल्या जागी परत जाऊ नका. हातांच्या मध्ये एक रात्र आणि ३२० चा कागद. तीन हात पुरेत.

दोन्हींत एक गोष्ट विसरू नका: फळीच्या खालच्या अंगालाही एखादा हात द्या. वरून बंद आणि खालून उघडी फळी आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्याच्या फरकात वाकते.

चिंध्या

जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना स्वतः तापतं, आणि बोळा केलेल्या चिंधीत ती उष्णता साठून काडी न लावता आग लागू शकते. घरात कापसाची गंजी असताना तर हा धोका कुणी घेऊच नये. चिंध्या अंगणात एकेक करून तारेवर पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. पॉलिशचं स्पिरिट विषारी आहे. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका आणि उरलेल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा.

वापराला केव्हा काढायचं

लाखेचं टेबल आठवड्यात वापरता येतं, पीयूवर हात दुसऱ्या दिवशी फिरवता येतो. पण हात फिरवता आला म्हणजे थर पिकला असं नाही. पंधरा-वीस दिवस त्यावर जड भांडं, गरम गंज, फुलदाणी काही ठेवू नका. वर्तमानपत्रही नको, शाई उमटते. आणि बाजारात मिळतं ते फुलाफुलांचं प्लास्टिकचं कव्हर महिनाभर तरी लांब ठेवा, कारण ते ताज्या थराला चिकटतं आणि काढताना पॉलिश घेऊनच निघतं. झाकायचंच असेल तर धुतलेली सुती चादर टाका.